शून्य रोधाला खुंटी लागते

अतिसंवाहकातून वीज वाहताना रोध शून्य असतो, हे वाक्य मराठीतल्या जवळजवळ प्रत्येक विज्ञानलेखात सापडते. पाठोपाठ रुळांवर तरंगणाऱ्या जपानी गाडीचा उल्लेख येतो आणि लेख संपतो. वाक्य खोटे नाही. ते कोणत्या अटीवर खरे आहे, तेवढे सांगायचे राहून जाते. चुंबकीय क्षेत्र नसेल किंवा अगदी दुबळे असेल, तर ते जसेच्या तसे खरे. पण अतिसंवाहक तारेला जिथे खरे काम असते, म्हणजे एमआरआय यंत्राच्या किंवा कणत्वरकाच्या चुंबकात, तिथे क्षेत्र दुबळे नसते. आणि जोरदार क्षेत्रात एखादा अतिसंवाहक स्फटिक अगदी निर्दोष, एकेक अणू जागच्या जागी बसलेला असा मिळाला, तर त्यातून वाहणाऱ्या विजेला रोध होतो. तिथे रोध शून्य राहतो तो पदार्थात कुठेतरी खोट असते म्हणून.

ही खोट म्हणजे या लेखाचा विषय. ती किती असावी, केवढ्या आकाराची असावी, आणि फार झाली तर काय होते, याचा शोध साठ-सत्तर वर्षे जगभर चालू आहे. त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला आहे. मी मोहन्यात राहतो. आंबिवलीहून लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत आणि पुढे बसने, एवढे ते अंतर. तरीही आमच्याकडच्या विज्ञानाच्या शिक्षकांनाही या कामाची फारशी माहिती नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण ते मराठीत कुणी लिहिलेलेच नाही. माझा व्यवसाय मोटर रिवाइंडिंगचा. भौतिकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे कळले ते ग्रंथालयांतून, रद्दीत मिळालेल्या पाठ्यपुस्तकांतून आणि इंटरनेटवर फुकट वाचायला मिळणाऱ्या शोधनिबंधांतून.

तारेचे वेटोळे करून त्यात वीज सोडणारा माणूस असल्यामुळे मला ही कथा एका फसलेल्या चुंबकापासून सुरू करावीशी वाटते. हॉलंडमधल्या लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हेलियम वायू द्रवरूप केला, आणि १९११ साली त्या थंडीत, ४.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअसला, पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला. त्यांच्या मनात लगेच जे आले ते कुठल्याही वाइंडिंगवाल्याच्या मनात आले असते. तांब्याच्या वेटोळ्यात जास्त वीज सोडली की तार तापते, वार्निश जळते, खेळ खलास. तारेला रोधच नसेल तर? हव्या तेवढ्या ताकदीचा चुंबक करता येईल. १९१३ साली त्यांनी १० टेस्ला क्षमतेच्या चुंबकाची कल्पना मांडली. आज इस्पितळांत सर्रास दिसणारा एमआरआय चुंबक १.५ टेस्लाचा असतो, यावरून त्या कल्पनेची झेप ध्यानात येईल.

चुंबक झाला नाही. शिशाच्या तारेचे वेटोळे काही शे गाउसच्या क्षेत्रातच, म्हणजे टेस्लाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी क्षेत्रात, साधी तार होऊन बसले. (एका टेस्लात दहा हजार गाउस असतात.) त्यानंतर ओनेस यांच्या स्वप्नाला जवळजवळ पन्नास वर्षे थांबावे लागले.

अडचण काय होती ते १९३३ साली बर्लिनमध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांच्या प्रयोगाने दिसले. अतिसंवाहक आपल्या पोटातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. या ढकलण्याला ऊर्जा खर्च होते. क्षेत्र वाढत गेले की एका टप्प्यावर हा खर्च परवडेनासा होतो आणि पदार्थ अतिसंवाहकताच सोडून देतो. शिसे, पारा, कथील यांसारखे शुद्ध धातू असे वागतात. मिश्रधातूंचे मात्र वेगळे होते. खारकोव्हमध्ये लेव्ह शुब्निकोव्ह यांनी १९३६-३७ च्या सुमारास काळजीपूर्वक मोजून दाखवले की काही मिश्रधातूंत क्षेत्र आत शिरते आणि तरीही अतिसंवाहकता टिकून राहते. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीत शुब्निकोव्ह यांना अटक झाली आणि त्याच वर्षी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या निष्कर्षाचा अर्थ लावायला आणखी वीस वर्षे गेली. तो लावला अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी, १९५७ साली. त्यांना ही कल्पना काही वर्षे आधीच सुचली होती, पण त्यांचे गुरू लँडाऊ यांना ती पटली नव्हती. २००३ साली अब्रिकोसोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अब्रिकोसोव्ह यांचे म्हणणे असे. मिश्रधातूत शिरलेले क्षेत्र सगळीकडे सारखे पसरत नाही. ते सुताच्या धाग्यांसारखे, वेगवेगळ्या बारीक धारांत आत येते. प्रत्येक धारेच्या मध्यभागी काही नॅनोमीटर जाडीचा गाभा असतो, तिथे अतिसंवाहकता मेलेली असते. त्या गाभ्याभोवती वीज गोल गोल फिरत राहते. म्हणून तिला भोवरा म्हणायचे. पावसाळ्यात उल्हास नदीवरच्या बंधाऱ्याखाली भोवरे दिसतात, पण त्यात एखादा लहान, एखादा म्हैस गिळेल एवढा. अतिसंवाहकातल्या भोवऱ्यांत लहानमोठे नाही. प्रत्येकात चुंबकीय प्रवाह नेमका तेवढाच, २.०७ × १०⁻¹⁵ वेबर. हे निसर्गाने ठरवून दिलेले माप आहे. त्यात पाव नाही की निम्मे नाही. क्षेत्र वाढवले तर भोवरा मोठा होत नाही, भोवऱ्यांची संख्या वाढते. एक टेस्ला क्षेत्रात एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४,८०० कोटी भोवरे असतात, आणि दोन शेजाऱ्यांमधले अंतर साधारण ४९ नॅनोमीटर.

हे सारे भोवरे एकमेकांना दूर ढकलतात. जागा तेवढीच आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापासून होता होईल तेवढे लांब राहायचे, तर सगळ्यांत सोयीची मांडणी म्हणजे त्रिकोणी: प्रत्येकाभोवती सहा शेजारी, मधमाशीच्या पोळ्यासारखे. (अब्रिकोसोव्ह यांच्या मूळ गणितात चौकोनी मांडणी आली होती; ती १९६४ साली इतरांनी दुरुस्त केली.) १९६७ साली जर्मनीत एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी थंड अतिसंवाहकावर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बसू दिले. कण भोवऱ्यांच्या तोंडाशी गोळा झाले आणि ही त्रिकोणी मांडणी सूक्ष्मदर्शकातून दिसली. तिला आपण भोवऱ्यांचे जालक म्हणू.

याचा एक घरगुती नमुना करता येतो. पितळी परातीत पाणी घ्यायचे. स्टीलची नको, काही स्टील चुंबकाला ओढते आणि सगळा घोटाळा होतो. थर्मोकोलच्या लहान चकत्यांवर छोटे चुंबक चिकटवायचे, सगळ्यांचे तेच टोक वर. ते पाण्यावर तरंगतात आणि एकमेकांपासून पळतात. वर एक मोठा चुंबक त्यांना ओढेल अशा बाजूने टांगला की पळापळ थांबते आणि चकत्या आपोआप सुबक मांडणीत बसतात. मूळ प्रयोग अमेरिकेतल्या आल्फ्रेड मेयर यांचा, १८७८ सालचा. माझ्याकडे एकोणीस चकत्या आहेत: मधे एक, भोवती सहा, त्याभोवती बारा. ही परात पुढे पुन्हा लागणार आहे.

आता या भोवऱ्यांनी भरलेल्या पदार्थातून वीज सोडा. वीज वाहणाऱ्या तारेवर चुंबकीय क्षेत्रात आडवा जोर येतो, त्यावरच मोटर फिरते. इथे तसाच जोर भोवऱ्यांवर येतो आणि ते विजेच्या वाटेशी काटकोनात सरकू लागतात. भोवरा सरकला की व्होल्टेज निर्माण होते. व्होल्टेज म्हणजे रोध, रोध म्हणजे उष्णता. पदार्थ निर्दोष असेल तर भोवऱ्यांना अडवणारे काहीच नाही. वीज कितीही कमी असो, सगळे जालक अखंड सरकत राहील. म्हणजे अतिसंवाहकता शाबूत आहे, आणि तरी तार तापते आहे.

यावरचा उपाय म्हणजे खुंटी. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिसंवाहकता मारावी लागते आणि तिला ऊर्जा लागते. पदार्थात एखादी जागा अशी असेल की जिथे अतिसंवाहकता आधीच नाही, तर गाभा तिथे बसल्याने ती ऊर्जा वाचते. मांडवाचा खांब आधीच खणलेल्या खड्ड्यात रोवला तर मेहनत वाचते, तसेच हे. एकदा तिथे बसलेला भोवरा सहजासहजी हलत नाही. परदेशी कणांचा गोळा, दोन स्फटिककणांमधली सीमा, चुकलेली अणूंची ओळ, काहीही खुंटीचे काम करू शकते. विज्ञान प्रदर्शनात द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली काळी वडी चुंबकाच्या वर तरंगते, आणि चुंबक उलटा धरला तरी आकाशकंदिलासारखी त्याच्या खाली लटकते. ते लटकणे खुंट्यांचे काम. नुसत्या ढकलण्याने ती वडी केव्हाच घसरून पडली असती.

ओनेस यांचे स्वप्न याच वाटेने पुरे झाले. १९६१ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-कथील या ठिसूळ संयुगातून ८.८ टेस्ला क्षेत्रात प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सुमारे १,००० अँपिअर वीज रोधाशिवाय वाहून नेली. आज बहुतेक एमआरआय यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमची तार असते. तिची कृती वाचताना मला फार मजा वाटली. मिश्रधातू आधी चांगला एकजीव करतात. मग तापवतात आणि तारेसारखा खेचतात, पुन्हा तापवतात, पुन्हा खेचतात. प्रत्येक तापवण्यात टायटॅनियम थोडे थोडे वेगळे पडते, आणि खेचल्यावर त्याच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पातळ पट्ट्या होतात. एकजीव केलेला माल मुद्दाम बिघडवायचा, आणि बिघाड भोवऱ्याच्या गाभ्याच्या मापाचा होईपर्यंत खेचत राहायचे. अशी तार ४.२ केल्विनला आणि ५ टेस्ला क्षेत्रात चौरस मिलिमीटरमागे सुमारे ३,००० अँपिअर वाहून नेते. आम्ही मोटरीच्या तांब्याच्या तारेला चौरस मिलिमीटरमागे पाच-सहा अँपिअर धरतो. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणत्वरकातले १,२३२ मुख्य वाकवणारे चुंबक याच मिश्रधातूचे आहेत. ते १.९ केल्विनला ८.३ टेस्लापर्यंत जातात.

तार मात्र अखंड जाड ठेवत नाहीत. केसाहून बारीक असे पुष्कळ तंतू तांब्यात बसवलेले असतात. खुंट्यांना अडकलेले भोवरे रेतीबंदरावरच्या रेतीच्या ढिगासारखे असतात: काठाला दाट, आत विरळ, आणि उतार ठरावीक मर्यादेचा. मर्यादा ओलांडली की ढीग ढासळतो. भोवरे ढासळले तर उष्णता निघते, तिने शेजारच्या खुंट्या सैल होतात, आणखी भोवरे ढासळतात, आणि पाहता पाहता सगळा चुंबक अतिसंवाहकता सोडून बसतो. हेलियम उकळून नळीवाटे बाहेर फेकला जातो. तंतू बारीक असले की ढीगही लहान राहतात आणि ढासळण्याची आच तांबे वाहून नेते. रेतीच्या ढिगाची ही उपमा या क्षेत्रात चार्ल्स बीन यांच्या १९६२ सालच्या सिद्धांताबरोबर नेहमी दिली जाते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सोपे आहे, खोट जितकी जास्त तितके चांगले. खरी गंमत इथून पुढे आहे, आणि कुलाब्याचे कामही इथेच येते.

खुंट्या विखुरलेल्या असतात, कशाही, कुठेही. जालक मात्र शिस्तीचे. जालक दगडासारखे ताठ असेल तर एका भोवऱ्याला खुंटी डावीकडे ओढेल, दुसऱ्याला उजवीकडे, आणि सगळ्या ओढाताणीची बेरीज जवळजवळ शून्य होईल. हजारो खुंट्या असून जालक सरकत राहील. खुंट्यांचा उपयोग व्हायचा तर जालकाने थोडे वाकले पाहिजे, आपली शिस्त थोडी मोडली पाहिजे. खडीवर लाकडी पाट ठेवा आणि ओढा. तो दोन-चार टोकांवर टेकतो आणि खरडत निघून येतो. त्याच खडीवर गोधडी पसरा आणि ओढा. ती प्रत्येक फटीत बसलेली असते, खड्याखड्याला अडकते. खडी तीच. फरक वरच्या वस्तूच्या ताठरपणात आहे. लार्किन यांनी १९७० साली गणिताने दाखवले की विस्कळितपणा कितीही सौम्य असला तरी खूप लांबवर पाहिले तर जालकाची शिस्त अखेर मोडतेच. जालक किती मोठ्या तुकड्यांत शिस्त राखते यावरून तार किती वीज पेलेल ते कसे काढायचे, हे लार्किन आणि ओव्चिनिकोव्ह यांनी १९७९ साली मांडले.

यातून एक चमत्कारिक गोष्ट उलगडते. क्षेत्र वाढवत नेले तर अतिसंवाहक कमी कमी वीज पेलतो, हे सरळ आहे. पण काही स्वच्छ स्फटिकांत अतिसंवाहकता संपण्याच्या थोडे आधी ही क्षमता एकदम वर चढते, एक शिखर गाठते आणि मग कोसळते. विझण्यापूर्वी दिव्याची ज्योत मोठी व्हावी तसे. पिपर्ड यांनी १९६९ साली याचे कारण सुचवले: मर्यादेजवळ जालक मऊ पडते, पाटाची गोधडी होते आणि खुंट्यांना जास्त घट्ट बिलगते. शिस्त जाते तेव्हा पकड वाढते.

हे शिखर पाहण्यासाठी खोट अगदी थोडी असलेला पदार्थ लागतो. नायोबियम डायसेलेनाइड हा तसा आहे. अभ्रकासारखे थर सुटणारा हा स्फटिक ७.२ केल्विनखाली अतिसंवाहक होतो. १९९३ साली शोभो भट्टाचार्य आणि मार्क हिगिन्स यांनी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या एका प्रयोगशाळेत या स्फटिकावर मोजमापे केली. शिखरापासून दूर असताना भोवऱ्यांचे जालक अखंड चादरीसारखे सरकते. शिखराजवळ ते फाटते: काही भोवरे खुंटीला चिकटून राहतात आणि इतर त्यांच्या मधून वाट काढत वाहतात. माझ्या परातीत हे दिसते. तळाला एक-दोन टाचण्या चिकटवून वरचा चुंबक हळूहळू बाजूला सरकवला तर सगळ्या चकत्या एकत्र जातात. टाचण्या वाढवल्या की दोन-तीन चकत्या मागे अडकतात आणि बाकीच्या त्यांना वळसा घालून पुढे निघतात. (टाचण्या लोखंडी हव्यात, आणि पाणी उथळ.)

भट्टाचार्य यांचे कुलाब्याच्या अरुण ग्रोव्हर, एस. रामकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर नव्वदच्या दशकात पुष्कळ काम झाले. पुढे, २००२ साली, भट्टाचार्य त्याच संस्थेचे संचालक म्हणून आले. १९९८ सालच्या या गटाच्या एका निबंधात दोन पदार्थ तपासले आहेत, नायोबियम डायसेलेनाइड आणि सेरियम-रुथेनियमचे एक संयुग. दोन्हींत असे दिसले की शिखराच्या पायथ्याशी जालक एकदम विस्कटत नाही, पायरीपायरीने मोडते. आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: पदार्थ किती वीज पेलेल हे तो त्या अवस्थेला कोणत्या वाटेने आला यावर ठरत होते.

हे जरा नीट समजून घेतले पाहिजे. स्फटिक आधी थंड करून मग क्षेत्र लावले, किंवा क्षेत्र आधी लावून मग थंड केले, तरी शेवटचे तापमान आणि शेवटचे क्षेत्र तेच. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र सांगते की उत्तर तेच यावे. या स्फटिकांत ते येत नाही. क्षेत्रासह थंड केलेल्या स्फटिकात जालक विस्कळित गोठलेले असते. तिथे भोवरे खुंट्यांना जास्त बिलगून असतात आणि वीज जास्त पेलली जाते. पण क्षेत्राला एक हलकासा हिसका दिला की भोवरे शिस्तीत बसतात आणि क्षमता घटते. तांदूळ मोजताना माप नुसते भरले तर दाणे कसेही अडकून राहतात. मापाला टिचकी मारली की खाली बसतात. पाच टेस्लाला इतके अँपिअर, असा नुसता आकडा अशा पदार्थाबद्दल सांगणे अपुरे आहे. माप कसे भरले तेही सांगावे लागते.

हे सगळे निष्कर्ष चुंबकत्व आणि व्होल्टेज मोजून, म्हणजे बाहेरून, काढलेले होते. जालक आत नेमके कसे मोडते हे डोळ्यांनी पाहायचे राहिले होते. त्यासाठी प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने कुलाब्यातच एक यंत्र बांधले: ०.३५ केल्विन तापमानात आणि ९ टेस्लापर्यंतच्या क्षेत्रात चालणारा, सुई फिरवून पाहणारा सूक्ष्मदर्शक. सुईचे टोक पृष्ठभागाला न टेकता त्यावरून अणूअणूच्या अंतराने फिरते. मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन उडी मारतात. अतिसंवाहक जागी ही उडी एका तऱ्हेची, मेलेल्या गाभ्यावर दुसऱ्या तऱ्हेची. त्या फरकावरून भोवऱ्यांचा नकाशा उमटतो.

या यंत्राने पाहिलेला स्फटिक नायोबियम डायसेलेनाइडचाच, पण त्यात अगदी किंचित कोबाल्ट मिसळलेला. खुंट्या हव्यात, पण मोजक्या, म्हणून. सोमेश चंद्र गांगुली आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत बागवे आणि शिरगे ही आडनावे वाचून मला बरे वाटले, हे लपवत नाही. क्षेत्र कमी असताना नकाशात जालक जवळजवळ निर्दोष आहे, प्रत्येक भोवऱ्याला सहा शेजारी. क्षेत्र वाढवले आणि शिखराचा चढ लागला की मधेच जोड्या उगवतात: एका भोवऱ्याला पाच शेजारी, लगतच्याला सात. आवणी करताना एखादी जास्तीची ओळ शेताच्या मध्यावरच संपावी, तसा हा दोष. आजूबाजूच्या ओळी वाकून ती जागा भरून काढतात. ओळी कुठे जातात ते आता नेमके सांगता येत नाही, पण त्यांची दिशा अजून कळते. शिखराचा माथा ओलांडताना या जोड्याही फुटतात. पाच शेजाऱ्यांचा भोवरा एकीकडे, सातवाला दुसरीकडे. मग दिशाही उरत नाही. शेत राहते, ओळी राहत नाहीत.

शिस्त मोडली ती दोन टप्प्यांत, आधी जागेची, मग दिशेची. हे बर्फ वितळण्यासारखे वाटते, पण ०.३५ केल्विनला उष्णता जवळजवळ नाहीच. जालक मोडले ते खुंट्यांनी. क्षेत्र वाढल्यावर जालक मऊ पडले आणि आधीपासून तिथेच असलेल्या त्याच मूठभर खुंट्या त्याला भारी पडल्या. आधी सांगितलेल्या वाटेवर अवलंबून राहण्याचेही या नकाशांत चित्र मिळाले. वेगवेगळ्या वाटांनी आणल्यावर त्याच क्षेत्रात जालक वेगवेगळ्या तऱ्हांनी विस्कटलेले दिसते.

त्याच गटाचे नंतरचे काम मला याहून चकित करणारे वाटते. त्यांनी मॉलिब्डेनम आणि जर्मेनियम यांचा एक अगदी पातळ थर घेतला, साधारण २० नॅनोमीटरचा. हा पदार्थ काचेसारखा आहे. त्यात अणूंना कसलीच मांडणी नाही. नुसती खोटच खोट. आतापर्यंतच्या हिशेबाने भोवऱ्यांची इथे दाणादाण उडायला हवी. प्रत्यक्षात कमी क्षेत्रात त्यांचे जालक सुंदर शिस्तीत बसते, कित्येक चांगल्या स्फटिकांपेक्षा सरस. कारण अणूंचा विस्कळितपणा अणूच्या मापाचा आहे आणि भोवऱ्याचा गाभा त्याच्या कितीतरी पट रुंद. गाभ्याखाली सगळीकडे सारखीच अव्यवस्था असल्यामुळे कुठलीच जागा दुसरीपेक्षा जास्त सोयीची ठरत नाही. बारीक रेतीवर पाट गुळगुळीत फरशीवर सरकावा तसा सरकतो; अडवायला खडी लागते. नायोबियम-टायटॅनियमची तार इतक्यांदा तापवून खेचतात त्याचे कारणही हेच. टायटॅनियमचे एकेकटे अणू खुंटीच्या कामाचे नाहीत, पट्ट्या गाभ्याच्या मापाच्या व्हाव्या लागतात. द्रव नायट्रोजनच्या तापमानात चालणाऱ्या नव्या फितींत बेरियम झिर्कोनेटचे नॅनोमीटरच्या मापाचे कण मुद्दाम मिसळतात, तेही यासाठीच. तिथे तापमान जास्त असल्यामुळे भोवरे उष्णतेनेच थरथरत असतात आणि खुंटी त्या मानाने मजबूत लागते.

इंद्रनील रॉय आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली त्या काचेसारख्या थराचे नकाशे प्रसिद्ध केले. खुंट्या जवळजवळ नसल्याने इथे जालक खरोखर वितळते, आणि ते पुन्हा दोन टप्प्यांत. पातळ थरातला स्फटिक असा वितळेल हे सत्तरच्या दशकात गणिताने सांगितले गेले होते. मधल्या टप्प्यात भोवरे द्रवासारखे जागा बदलतात, पण ओळींची दिशा टिकवून असतात. एकामागून एक नकाशे काढले तेव्हा भोवरे अतिशय संथपणे सरकताना दिसले. सरकणारा भोवरा म्हणजे रोध. त्यामुळे अतिसंवाहकता पूर्ण शाबूत असलेल्या या थरात, त्या टप्प्यात, वीज कितीही कमी केली तरी किंचित रोध उरतोच.

असा थर मोजणेही कठीण. याच गटाने त्याच वर्षी दाखवले की मोजमापाच्या तारा बाहेरच्या रेडिओलहरी एरियलसारख्या आत घेऊन येतात, आणि तेवढ्याशा धक्क्यानेही भोवरे हलतात. तारांना गाळण्या लावल्या नाहीत तर अगदी कमी तापमानालाही रोध एका पातळीवर अडून राहिल्यासारखा दिसतो आणि जणू नवाच कुठला धातू सापडला असे वाटते. गाळण्या लावल्या की तो रोध नाहीसा होतो.